छप्पन्न अंश आणि एक बोट

परदेशी जाणाऱ्या मालाखाली जे लाकडी पॅलेट असते, त्याच्या ठोकळ्यावर एक शिक्का डागलेला असतो. एका बाजूला गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह, शेजारी भारतासाठी आयएन, नोंदणीचा क्रमांक आणि शेवटी एचटी ही दोन अक्षरे. त्यांचा अर्थ असा की हे लाकूड अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवले आहे आणि त्यातून कोणतीही अळी दुसऱ्या देशाच्या जंगलात उतरणार नाही. हा आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम २००२ साली आला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या देखरेखीखाली तो पाळला जातो, आणि पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात सात-आठ माणसांवर चालणारा पॅलेट-खोक्यांचा गाळासुद्धा निर्यातीचा माल असेल तर तो पाळतो. स्वतःची भट्टी नसेल तर नोंदणी असलेल्या भट्टीवाल्याकडे माल पाठवतो. अशाच गाळ्यांत गोल करवतीचे पाते उघडे फिरताना दिसले तर कोणाला नवल वाटत नाही. अळीसाठी थर्मामीटर आणि हातासाठी नशीब, ही विभागणी झाली कशी, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

पुढचा संवाद कुठे घडलेला नाही. छोट्या कारखानदारांच्या बाजूने जे जे बोलले जाते ते इथे ‘शेठ’ बोलतात. त्यांची बाजू मुद्दाम लंगडी केलेली नाही, कारण तिच्यातला बराच भाग खरा आहे आणि खऱ्यालाच उत्तर द्यावे लागते.

शेठ: सर, लाकडाचं काम म्हणजे धारेचं काम. माझ्याकडे सात माणसं आहेत. दोन मिस्त्री, वीस-वीस वर्षं हात बसलेले, बाकीचे हेल्पर. मिस्त्रीला पातं कुठे आहे हे बघावं लागत नाही, त्याच्या हाताला ते ठाऊक असतं. अपघात होतो तो नव्या पोराला, नाहीतर रात्री जागून आलेल्याला, नाहीतर कानाला मोबाइल लावून फळी सारणाऱ्याला. मशीन आपल्या जागेवर असतं, हात त्याच्याकडे जातो. म्हणून मी म्हणतो, नियमांची पोथी वाचण्यापेक्षा माणसाला लक्ष द्यायला शिकवा. आमच्या बापजाद्यांनी करवत-वाकसानं घरं उभी केली, तिथे कुठे गार्ड होतं?

लेखक: बापजाद्यांची करवत त्यांच्याच दंडाच्या जोरावर चालायची, शेठ. हात थांबला की करवत थांबायची. तुमच्या टेबलावरचं दहा इंची पातं मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर होतो. एक्स्प्रेसवेवर मोटारीला १०० ची मर्यादा आहे. पात्याला चाळीस दात असतील, तर एका जागेवरून सेकंदाला दोन हजार दात जातात. ‘अरे, हात!’ हे मेंदूला कळून हात मागे यायला पाव सेकंद धरा. तेवढ्यात पाचशे दात निघून गेलेले असतात. हे गणित मिस्त्रीला आणि हेल्परला सारखंच लागू आहे. अनुभवानं पाव सेकंदाचा शून्य होत नाही. अनुभवानं एवढंच होतं की चुका कमी होतात, पण त्याच वेळी मिस्त्री दिवसभरात हेल्परच्या कितीतरी पट फळ्या पात्यासमोरून नेतो. कमी चुका, पण अनेक पट संधी. टिंबर मार्केटमध्ये बोटाचं पेर गेलेला जुना मिस्त्री दिसतो तेव्हा तो निष्काळजी होता असं आपण म्हणत नाही. तो पात्यासमोर फार वर्षं उभा होता एवढंच ते पेर सांगतं.

आणि प्रत्येक वेळी हातच पात्याकडे जातो, हेही अर्धंच खरं आहे. लाकडात ताण साठलेला असतो. ओली फळी, गाठीची फळी, वाकडी वाळलेली फळी चिरली की पात्याच्या मागे चीर मिटायला लागते आणि लाकूड पात्याला चिमटा घेतं. पात्याच्या मागच्या बाजूचे दात टेबलातून वर येत असतात. ते ती फळी उचलतात आणि पुढे उभ्या माणसाच्या पोटावर, छातीवर फेकतात. फळी निसटली की तिला ढकलणारा हात आधाराविना पुढे जातो, थेट पात्यावर. या धक्क्यात माणसाचं लक्ष होतं की नव्हतं याला काडीचं महत्त्व नाही. पॅलेटवाल्याकडे तर जुनी मोडकी पॅलेटं उसवून त्यांच्याच फळ्या पुन्हा चिरल्या जातात. आत राहिलेला एक खिळा कार्बाइडचा दात उडवायला पुरतो, आणि मग कितीही लक्ष देऊन उभा असलेला माणूस उघड्या डोळ्यांनी त्या दातासमोर असतो. तुम्ही सांगता ती मोबाइलची, जागरणाची, दारूची कारणं असतात, मी नाकारत नाही. पण ही यादी अपघातानंतर बनते. ज्याचं बोट गेलं त्याच्यात काही ना काही खोट सापडतेच.

शेठ: बरं, मान्य. पण गार्ड मी दिलं नाही असं कोण म्हणतं? मशीनबरोबर आलं होतं. आठ दिवसांत पोरांनीच खोलून माळ्यावर टाकलं. म्हणे रीप दिसत नाही, खाच मारता येत नाही, काम अडतं. नगावर पैसे मिळतात त्यांना. शंभर नग जास्त निघाले तर त्यांचाच फायदा. मी हातमोजे आणले, दोन दिवस घातले, मग त्यांनी ऑइल पुसायला घेतले. चष्मे आणले, धुरकट होतात म्हणून खुंटीला. आता सांगा, ज्याच्या हातासाठी करायचं त्यालाच नको असेल तर मी काय पोलीस ठेवू?

लेखक: या एका प्रश्नात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि ते गुंतल्यामुळेच दरवेळी दोष कामगाराच्या पदरात पडतो. हातमोज्यांचं आधी घेऊ, कारण तिथे तुमची पोरं बरोबर आहेत आणि तुम्ही चूक. फिरत्या पात्यापाशी सैल मोजा घालणं हे उघड्या हाताहून वाईट. दाताला मोज्याचा एक धागा सापडला की तो मोजा हातासकट ओढतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर बसणारे हवेत असं म्हटलं होतं ते याच भीतीनं. फळ्या उतरवताना, खिळे उपटताना मोजे हवेत, करवतीवर नकोत. म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली तुम्ही जे विकत घेतलं ते दिसायला सोपं आणि घ्यायला स्वस्त होतं, आणि कामगारांनी ते नाकारलं ते निव्वळ आडमुठेपणानं नव्हे.

दुसरं, गार्ड. मशीनबरोबर येणारं पत्र्याचं झाकण बरेचदा असं असतं की फळी आरपार चिरताना ते चालतं, पण खाच मारायची म्हटली की खोलावंच लागतं. एकदा खोललं की परत बसवायला चार बोल्ट आणि पाच मिनिटं. नगावर काम करणाऱ्याला ही पाच मिनिटं कोण देणार? तुम्ही दर ठरवलात तेव्हा झाकण काढण्याचा निर्णयही त्यातच ठरून गेला, त्यांनी फक्त पाना फिरवला. पण झाकणापेक्षा महत्त्वाची एक वस्तू आहे. पात्याच्या लगेच मागे उभी राहणारी वाकडी पोलादी पट्टी. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती पात्याच्या पत्र्याहून किंचित जाड आणि चिरेहून किंचित पातळ असते. तिचं काम एकच, मागे मिटू पाहणारी चीर उघडी धरायची, म्हणजे चिमटाही बसत नाही आणि फळीही उडत नाही. ती पात्याच्या माथ्याहून जरा खाली ठेवली तर खाच मारतानाही खोलावी लागत नाही, रीप झाकत नाही, नग कमी करत नाही. कारखान्यांच्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी वेगळं परिशिष्ट आहे, त्यात गोल करवतीसाठी ही पट्टी आणि ढकलायची काठी या दोन्ही गोष्टी सांगितलेल्या आहेत. काठी म्हणजे टोकाला खाच पाडलेला लाकडाचा तुकडा. लाकडाच्या कारखान्यात लाकडाचा तुकडा मिळत नाही असं तर होणार नाही! तिसरी वस्तू स्टार्टर. लाइट गेली आणि मिस्त्री पात्यात अडकलेली ढलपी काढायला वाकला, तेवढ्यात लाइट आली, तर साध्या स्विचवरचं मशीन आपोआप सुरू होतं. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर असेल तर हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय होत नाही. पट्टी, काठी, स्टार्टर: यातल्या एकाही गोष्टीला कामगाराच्या शिस्तीची फारशी गरज नाही. शिस्तीवर अवलंबून असलेले उपाय तुम्ही आधी आणलेत आणि ते फसले म्हणून सगळेच उपाय फसतात असा निष्कर्ष काढलात.

शेठ: म्हणे अमेरिकेत बोट लागलं की थांबणारं मशीन निघालंय. ते का नाही सांगत?

लेखक: निघालंय, पाव शतकापूर्वीच. स्टीफन गॅस नावाच्या माणसानं शोधलं. बोटातून जाणारा विजेचा बारीक फरक ओळखून काही सहस्रांश सेकंदात पातं जागच्या जागी जाम होतं. पण ओलं लाकूडही वीज वाहून नेतं, आणि पॅलेटचं लाकूड पुष्कळदा ओलंच असतं. मशीन उगाच थांबेल आणि प्रत्येक वेळी ब्रेकचा डबा बदलावा लागेल. तुमच्या गाळ्याला ते आज झेपणारं नाही. जे झेपत नाही ते दाखवून जे झेपतं ते टाळायचं, या सवयीला मात्र मी खतपाणी घालणार नाही.

शेठ: झेपण्याचंच बोलू या. कायद्यानं मी कारखाना नाहीच. वीस माणसं असतील तर कारखाना. माझी सात. इन्स्पेक्टर माझ्या दारात येत नाही, आणि खरं सांगू, न आलेलाच बरा; आला की सुरक्षा वाढत नाही, पाकीट वाढतं. आणि माझ्याकडे कोणाला लागलं तर मी त्याला वाऱ्यावर सोडत नाही. हॉस्पिटलचं बिल मी भरतो, महिनाभर पगार चालू ठेवतो, गावाला जायचं तिकीट काढून देतो. एवढं मोठमोठ्या कंपन्यांतही कोणी करत नाही.

लेखक: तुम्ही कारखाना नाही हे बरोबर आहे. मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून कारखाना सुरू व्हायचा. महाराष्ट्रानं २०१५ साली तो उंबरठा वीसवर नेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतल्या सुरक्षेच्या संहितेतही कारखान्याचा आकडा वीसच आहे आणि इतर आस्थापनांसाठी दहा. सातजणांचा गाळा दोन्ही जाळ्यांतून खाली पडतो. उद्योगाला मोकळा श्वास मिळावा हा त्यामागचा युक्तिवाद, आणि परवाने-रजिस्टरांच्या जंजाळापुरता मला तो पटतो. पण रजिस्टर कमी करता करता करवतीची पट्टीही त्याच गाठोड्यात बांधून बाहेर टाकली गेली. करवतीला माणसं मोजता येत नाहीत. सातजणांच्या गाळ्यातलं पातं एकोणीसजणांच्या किंवा एकशे नव्वदजणांच्या शेडमधल्या पात्याहून हळू फिरत नाही. पाकिटाबद्दल तुम्ही म्हणता ते मी खोडून काढत नाही, फक्त एवढंच की वाईट तपासणी हा तपासणीविरुद्धचा मुद्दा होऊ शकतो, पट्टीविरुद्धचा नाही.

आता दुसरी बाजू, जी छोट्या कारखानदारांच्या बैठकांत क्वचितच निघते. सुरक्षेच्या कायद्यानं तुम्हाला सोडलं, भरपाईच्या कायद्यानं सोडलेलं नाही. १९२३ चा भरपाई कायदा आणि आता त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता, दोन्हींत विजेवर चालणाऱ्या कामाच्या जागेला वीस माणसांची अट नाही. त्या कायद्याला जोडलेली एक यादी आहे. वाचताना अंगावर काटा येतो, इतकी ती थंडपणे लिहिलेली आहे: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एकाच हाताची चारही बोटं ५०. समजा, पंचवीस वर्षांचा मुलगा, हिशेबाला धरलेली मजुरी महिना १५,००० रुपये, आणि तर्जनी गेली. मजुरीचे ६० टक्के म्हणजे ९,०००. पंचविशीसाठी कायद्यानं दिलेला गुणक २१६.९१, त्याचे १४ टक्के. उत्तर येतं सुमारे २ लाख ७३ हजार. अंगठा असेल तर ५ लाख ८५ हजारांच्या वर. दहा कामगारांच्या खाली ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, सक्तीचा नाही, म्हणून ते कवच तुम्ही घेतलेलं नसणार, आणि ही रक्कम थेट तुमच्या गल्ल्यातून जायची आहे. तुम्ही म्हणता तो महिन्याचा पगार आणि गावचं तिकीट म्हणजे या रकमेचा किती हिस्सा, हा हिशेब तुमचा तुम्ही करा. तुमच्या मनाचा चांगुलपणा मी नाकारत नाही, पण तो फार स्वस्तात पडलाय.

आणि तुमचा आवडता बचाव, की गार्ड त्यानंच काढलं, तोही याच कायद्यात आहे. कामगारानं हेतुपुरस्सर सुरक्षेचं साधन काढलं किंवा स्पष्ट सांगितलेला नियम धुडकावला, तर मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी इजेत मालकाची जबाबदारी टळू शकते. मात्र त्यासाठी साधन दिलेलं होतं, त्याला ते माहीत होतं आणि नियम स्पष्टपणे केलेला होता, हे आधी दाखवावं लागतं. ज्या गाळ्यात गार्ड माळ्यावर पडलंय आणि मालक रोज त्या उघड्या पात्यावरून नग मोजून घेतोय, तिथे हा बचाव कोण मानेल? बचावाचा लाभ ज्यानं पट्टी बसवली त्यालाच आहे.

शेठ: कोर्टात जातं कोण? बिहारचा पोरगा बोट बांधून गावाला जातो आणि चार महिन्यांनी दुसऱ्या गाळ्यात लागतो.

लेखक: हे तुम्ही मोकळेपणानं बोललात म्हणून बरं. सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. बोटाची किंमत कायद्यात पावणेतीन लाख आणि व्यवहारात एक तिकीट, तोवर पट्टी महागच वाटणार. मोटारउद्योगाच्या सुट्या भागांच्या साखळीत बोटं गमावणाऱ्या कामगारांबद्दल ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. ते मुख्यतः पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसबद्दल आहेत, लाकडाबद्दल नाहीत. पण त्यांत सातत्यानं दिसणारी एक गोष्ट इथे नेमकी लागू पडते: अनेक जखमी कामगारांचं ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यानंतर निघालेलं असतं. म्हणजे मालकाला नियम माहीत असतो, फॉर्म कुठे मिळतो तेही माहीत असतं, फक्त रक्त सांडेपर्यंत त्याची गरज वाटत नाही. अज्ञान हे कारण तिथेच बाद होतं. आणि ती साखळी तुमच्यापासून दूर नाही, चाकणच्या ज्या गेटमधून पॉवर प्रेसचा माल आत जातो त्याच गेटमधून तुमची पॅलेटंही जातात.

शेठ: भुशाचं राहिलं. त्याबद्दल काही म्हणू नका, लाकडाचा भुसा शुद्ध असतो, केमिकल नाही. पोरं गमछा बांधतात, रात्री तिथेच झोपतात, कोणाला काही झालं नाही.

लेखक: काही झालं नाही हे कळायला तीस वर्षं लागतात, आणि तोवर तो पोरगा तुमच्याकडे नसतो. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं खुर्च्या-फर्निचरचं गाव आहे. १९६० च्या दशकात तिथल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर एझ्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं की एरवी अतिशय दुर्मीळ असलेला नाकाच्या पोकळीचा कर्करोग त्यांच्याकडे वारंवार येतोय, आणि येणारे फर्निचर कामगार आहेत. पुढे बरीच वर्षं पुरावा साठत गेला आणि १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणारी म्हणून नोंदवली. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: हा पुरावा बीच, ओक अशा कठीण लाकडांबाबत सर्वांत भक्कम आहे. तुमचा माल पाइनचा असेल तर नाकाच्या कर्करोगाचं भय मी तेवढ्याच जोरानं घालणार नाही. पण दमा, सर्दी न जाणं, कातडीची खाज यांसाठी पाइनही पुरतो, आणि एमडीएफ कापत असाल तर त्यातल्या फॉर्माल्डिहाइडची वेगळी नोंद त्याच पहिल्या गटात आहे. पायाखाली साठतो तो भुसा घातक नव्हे, उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसते ती पूड घातक. ती गमछ्यातून आरपार जाते. कॉम्प्रेसरच्या हवेनं मशीन झटकलं की दिवसभर खाली बसलेली पूड पुन्हा सगळ्यांच्या नाकापाशी येते.

धूळ खेचणारं यंत्र मात्र खरोखर महाग आहे. इथे तुमची तक्रार मी पूर्ण मान्य करतो. झोपण्याचं मात्र नाही. भुसा, थिनर, माळ्यावरची फोमची गादी, जुनी वायरिंग, एकच शटर आणि तेही रात्री बाहेरून ओढलेलं. ‘काही झालं नाही’ हे तिथे रोज सकाळपुरतंच खरं असतं. माणसांनी रात्री दुसरीकडे झोपावं यासाठी लागणारी खोली भाड्यानं मिळते आणि तिचं भाडं तुम्हाला ठाऊक आहे.

शेठ: भाडं ठाऊक आहे आणि दरही ठाऊक आहे. मी पॅलेटमागे पाच रुपये वाढवले की परचेसवाला शेजारच्या गाळ्यात जातो. शेजारी माझ्याहून उघडं पातं चालवतो. मी एकट्यानं पुण्य का कमवायचं? तुमचा सगळा उपदेश मालकापाशी येऊन थांबतो. ज्याला स्वस्त पॅलेट पाहिजे त्याला कोणी विचारत नाही.

लेखक: इथे मात्र आपण एका बाजूला आहोत, शेठ, आणि म्हणूनच मी शिक्क्यापासून सुरुवात केली. लाकूड ५६ अंशांना तापवायला जळण लागतं, वेळ लागतो, भट्टी लागते, नोंदणी लागते. पंचवीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं की सातजणांचा गाळासुद्धा लाकडाच्या गाभ्याच्या तापमानाची नोंद ठेवून देईल, तर तुमच्याच संघटनेनं निवेदन दिलं असतं की छोटा उद्योग मरेल. उद्योग मेला नाही. का? शिक्क्याशिवाय पॅलेट बंदराबाहेर पडत नाही, ही अट सगळ्यांना एकदम लागली म्हणून. शेजारचा गाळा बिनशिक्क्याचं पॅलेट स्वस्तात देऊच शकला नाही. खर्च तुमच्या अंगावर राहिला नाही, दरात गेला, आणि तो दर त्याच परचेसवाल्यानं कुरकुरत का होईना दिला.

दुसरं उदाहरण याहून जवळचं. जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ आणि नंतर २००२ मध्ये दिलेल्या आदेशांपासून देशात नवी सॉ मिल काढणं सोपं राहिलेलं नाही. गोल लाकूड चिरणारा आरा कुठे आहे, त्याचा परवाना कोणाकडे आहे, हे वनखात्याला माहीत असतं. म्हणजे लाकूड जिथून येतं तिथल्या झाडासाठी या देशानं करवती मोजल्या, आणि लाकूड जिथे जातं तिथल्या झाडासाठी तापमान मोजलं. दोन्ही मोजण्या योग्यच आहेत. पण या दोन मोजण्यांच्या मधे जो माणूस फळी सारतो, त्याच्यासाठी कोणीच काही मोजलं नाही. अंमलबजावणी होत नाही, छोट्यांवर लक्ष ठेवता येत नाही, भारतात असंच चालतं, ही सगळी विधानं या दोन उदाहरणांपुढे टिकत नाहीत. जे विकायला आड येतं ते पाळलं जातं. पट्टी अजून विकायला आड आलेली नाही, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं इन्स्पेक्टर वाढवा असं नाही, आणि मालकांना मन मोठं करायला सांगा असंही नाही. मोठ्या खरेदीदाराच्या परचेस ऑर्डरमध्ये आज लिहिलेलं असतं की पॅलेट शिक्क्याचं हवं, ओलावा अमुक टक्क्यांच्या आत हवा, खिळा इतक्या मिलिमीटरचा हवा. त्याच कागदावर लिहायला हवं की हा माल ज्या करवतीवर कापला तिच्यावर पट्टी आणि झाकण असेल, स्टार्टर नो-व्होल्टचा असेल, गाळ्यात कोणी झोपत नसेल. शेजारच्या गाळ्याला तीच ऑर्डर हवी असेल तर त्यालाही तेच करावं लागेल.

शेठ: आणि मग ऑडिटवाला येणार, फॉर्मवर बरोबरच्या खुणा करणार, चहा पिऊन जाणार. त्याच्यापुरतं आम्ही गार्ड लावू, तो गेला की परत माळ्यावर. शिक्केसुद्धा खोटे मारणारे आहेत बाजारात, भट्टीत न घालता. तुम्हाला काय सांगायचं!

लेखक: खोटे शिक्के आहेत, हे खरं. पण ते खोटं का खपतं बघा. फळीचा गाभा खरोखर ५६ अंशांना पोचला होता का, हे नंतर लाकडाकडे बघून कोणाला सांगता येत नाही. पात्यामागची पट्टी मात्र शटरच्या बाहेर उभं राहून दिसते. माल न्यायला आठवड्यातून तीनदा येणाऱ्या टेम्पोवाल्याला दिसते. ती आहे की नाही यासाठी प्रयोगशाळा नको, पदवीही नको. शिवाय झाकण माळ्यावर जाईल हे मी मानतो, कारण ते कामात आडवं येतं. पट्टी जाणार नाही, कारण ती आडवी येत नाही आणि फळी उडायची थांबली हे मिस्त्रीला चार दिवसांत कळतं. ज्याच्या पोटावर एकदा फळी बसली आहे तो ती पट्टी कोणाला काढू देणार नाही.

शेठ: कोटेशनमध्ये हे लिहू कुठे?

लेखक: हीट ट्रीटमेंटचा खर्च तुम्ही वेगळ्या ओळीत दाखवताच. तिच्याच खाली.

शेठ: परचेसवाला पहिल्यांदा तीच ओळ खोडेल.

लेखक: खोडेल बहुधा. पण मग ती कोणी खोडली हे कागदावर राहील. आज पट्टी न बसवण्याचा निर्णय तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. आणि पट्टी, काठी, स्टार्टर यांच्यासाठी त्या ओळीची वाट बघण्याचं काही कारण नाही. भोसरीत पोलाद कापून वाकवून देणारे पावलोपावली आहेत. ओळ लागेल ती भुशाच्या यंत्रासाठी.

शेठ: भुशाच्या यंत्राचं नाव काढू नका, सर. तेवढ्यात माझा सेकंडहँड टेम्पो येतो.

लेखक: म्हणूनच ती ओळ तुमच्या एकट्याच्या कोटेशनमध्ये असून भागणार नाही. शेजारच्याच्याही हवी.